मूळ प्रत आपल्या डोमेनवर, वाटप सोशल मीडियावर

कोल्हापुरातल्या कितीतरी दुकानांची, तालमींची, ट्रेकिंग ग्रुपची आणि हौसेनं लिहिणाऱ्यांची सगळी माहिती आज फेसबुक पेजवर, इन्स्टाग्रामवर नाहीतर व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये पडून आहे. पाच वर्षांपूर्वीची पोस्ट शोधायला गेलं तर हाताला लागत नाही. लॉगिन न केलेल्या गिऱ्हाइकाला पेज धड उघडतही नाही. हे सगळं स्वतःच्या वेबसाइटवर कसं आणायचं, मराठी मजकुरात नेमकं काय बिघडतं आणि सोशल मीडियाचा वापर मग कशासाठी करायचा, ते इथं क्रमानं सांगितलं आहे. कोडिंग येत नसेल तरी बहुतेक भाग जमेल. जिथं जमणार नाही तिथं डेव्हलपरला नेमकं काय सांगायचं तेही दिलं आहे.

आधी, हे का करायचं त्याचं कारण: दुसऱ्याच्या सेवा बंद पडतात. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गूगल प्लस २०११ मध्ये आलं आणि २ एप्रिल २०१९ ला सामान्य लोकांसाठी बंद पडलं. टिकटॉकवर २९ जून २०२० ला बंदी आली आणि तिथं नाव कमावलेल्यांचे फॉलोअर एका फटक्यात गेले. 'कू' हे ट्विटरसारखं ॲप २०२० मध्ये सुरू झालं, मराठीत लिहिता येतं म्हणून अनेकांनी तिथं खाती काढली, आणि २०२४ च्या जुलैमध्ये ते गुंडाळलं गेलं. ब्लॉगिंगच्या स्टार्टअपचंही तेच. पोस्टेरस ट्विटरनं मार्च २०१२ मध्ये विकत घेतलं आणि ३० एप्रिल २०१३ ला बंद केलं. अशा खरेदीत बऱ्याचदा घेणाऱ्याला त्या कंपनीतले इंजिनिअर हवे असतात, लोकांचं लिखाण नको असतं.

हे पुनःपुन्हा होतं, कारण सोशल मीडियाचं स्टार्टअप सुरुवातीला गुंतवणूकदारांच्या पैशावर चालतं. सेवा फुकट असते आणि आकडा वाढवणं हेच काम असतं. आकडा वाढून जाहिराती मिळाल्या तर पुढं तुमची पोस्ट तुमच्याच फॉलोअरना दाखवायला पैसे मागितले जातात. आकडा वाढला नाही तर कंपनी विकली जाते किंवा बंद होते. दोन्हीकडं लिहिणाऱ्याचा तोटाच. तरीही या सेवा सोडून द्या असं आमचं म्हणणं नाही, कारण माणसं तिथं आहेत. मूळ प्रत मात्र आपल्याकडं असली पाहिजे. सोशल मीडियावर जाईल ती तिची नक्कल किंवा तिची लिंक.

डोमेन: नावावर कुणाच्या?

सगळ्यात महाग पडणारी चूक इथंच होते. पुतण्याच्या मित्रानं नाहीतर एखाद्या डेव्हलपरनं स्वतःच्या ईमेलवरून डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, घेतलेलं असतं. तो पुढं पुण्याला किंवा बेंगळुरूला जातो, नंबर बदलतो, आणि रिन्यूची तारीख येते तेव्हा ईमेल त्याच्या जुन्या इनबॉक्समध्ये पडतो. म्हणून रजिस्ट्रारकडचं, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडचं, खातं स्वतः काढा, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइलवर, आणि पैसे स्वतःच्या खात्यातून भरा. डेव्हलपरला फक्त डीएनएस, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरकडं जातं त्या नोंदी, बदलण्यापुरता प्रवेश द्या. कामाच्या एका माणसाचा ईमेल दुसरा संपर्क म्हणून जोडून ठेवा. टू-फॅक्टर लॉगिन, म्हणजे पासवर्डनंतर दुसरा कोड मागणारं, लावा आणि त्याचे बॅकअप कोड कागदावर छापून दुकानाच्या फाइलमध्ये ठेवा.

'डॉट इन' किंवा 'डॉट कॉम' यातलं काहीही चालेल. पहिल्या वर्षाचा दर बघून भुलू नका, रिन्यूचा दर बघा. तो बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षापेक्षा बराच जास्त असतो. परवडत असेल तर तीन वर्षांचं एकदम भरा. डोमेन संपल्यावर ते लगेच दुसऱ्याला मिळत नाही, मधे सोडवून घेण्याची मुदत असते. पण 'डॉट कॉम'च्या शेवटच्या ३० दिवसांच्या रिडेम्प्शन काळात नेहमीच्या फीवर मोठा दंड बसतो आणि तोवर साइट आणि ईमेल दोन्ही बंद असतात. 'डॉट भारत' असं देवनागरी डोमेनही मिळतं. ते असेल तर जरूर घ्या, पण जोडीला रोमन लिपीतलं ठेवाच, कारण अनेक ॲप आणि फॉर्म देवनागरी पत्ता अजून नीट घेत नाहीत.

वर्डप्रेस की स्टॅटिक साइट

लिहिणारा माणूस कोडिंगवाला नसेल तर वर्डप्रेस, म्हणजे कोडिंगशिवाय साइट चालवायचं सॉफ्टवेअर, घ्या. २००३ पासून चालत आलेलं आहे, मराठीत उपलब्ध आहे, आणि एक होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा, सोडून दुसरीकडं जाता येतं. लिहिणारा स्वतः डेव्हलपर असेल तर ह्यूगोसारखं स्टॅटिक साइट जनरेटर, म्हणजे साध्या फाइलींतून तयार पानं बनवणारं साधन, घ्यावं: मजकूर साध्या मार्कडाउन फाइलमध्ये राहतो, डेटाबेस नाही, हॅक होण्यासारखं फारसं काही नाही, आणि क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा गिटहब पेजेसवर फुकट ठेवता येतं. गिटहब पेजेसवर साइटला १ जीबीची मर्यादा आहे, म्हणून मोठे व्हिडिओ तिथं ठेवू नका.

वर्डप्रेस घेताना होस्टिंगवाल्याला तीन गोष्टी विचारा. रोजचा बॅकअप मिळतो का आणि तो मला स्वतःला डाउनलोड करता येतो का. एसएसएल प्रमाणपत्र, म्हणजे साइटचा पत्ता 'एचटीटीपीएस' करणारं, फुकट आणि आपोआप नवं होतं का. आणि डेटाबेस 'यूटीएफ-८ एमबी ४' या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीत, आहे का. तिसरा प्रश्न मराठीसाठी फार महत्त्वाचा. जुन्या होस्टिंगवर डेटाबेस लॅटिन एन्कोडिंगमध्ये निघाला तर सेव्ह केलेल्या मराठी मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात, आणि ती प्रश्नचिन्हं एकदा सेव्ह झाली की मूळ अक्षरं परत आणता येत नाहीत. जुन्या तीन बाइटच्या 'यूटीएफ-८' मध्ये मराठी टिकतं, पण इमोजी टाकला की तिथून पुढचा मजकूर कापला जातो किंवा सेव्हच होत नाही.

प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायची जास्तीची साधनं, कमीत कमी ठेवा: बॅकअप, कॅश (साइट वेगानं उघडण्यासाठी), एसईओ (गूगलमध्ये सापडण्यासाठी), आणि लागलंच तर फॉर्म. साइट हॅक होण्याचं नेहमीचं कारण वर्डप्रेस स्वतः नसतं, तर दोन-दोन वर्षं अपडेट न केलेली प्लगइन आणि कुठून तरी उतरवलेली चोरीची 'प्रीमियम' थीम, म्हणजे साइटच्या रूपाचा साचा, असते.

मराठी मजकूर नीट दिसण्यासाठी

या भागाकडं सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. इंग्रजी साइटसाठी बनवलेली थीम जशीच्या तशी मराठीला लावली की वाचणारा अर्ध्यावर सोडून जातो.

पहिलं, साइटची भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, अशी नोंदवा. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी निवडली की ते आपोआप होतं. स्टॅटिक साइटमध्ये एचटीएमएलच्या सुरुवातीच्या टॅगला लँग ॲट्रिब्यूट द्यावं लागतं. हे नुसतं गूगलसाठी नाही. काही चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी आणि हिंदी वळणं वेगवेगळी ठेवलेली असतात, आणि भाषेची नोंद मराठी असेल तरच फॉन्ट मराठी वळण दाखवतो.

फॉन्टसाठी मुक्त परवान्यातले मुक्ता, नोटो सान्स देवनागरी, नोटो सेरिफ देवनागरी किंवा टिरो देवनागरी मराठी वापरा. देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा मोठी असते, कारण जोडाक्षरांचे वेगळे आकार त्यात भरलेले असतात. म्हणून साधा आणि ठळक असे दोनच वजनांचे फॉन्ट लोड करा, 'डब्ल्यूओएफएफ २' या वेबसाठीच्या लहान फाइलीच्या स्वरूपात, आणि फॉन्ट येईपर्यंत मोबाइलचा स्वतःचा फॉन्ट दिसेल अशी सोय ठेवा. डेव्हलपरनं वेग वाढवण्यासाठी फॉन्ट कापून लहान केला असेल तर 'क्ष', 'ज्ञ', 'ट्र', 'द्ध्य' असलेले शब्द उघडून बघा. कापताना जोडाक्षरांचे नियम गळले तर अक्षरं सुटी होऊन मधे पाय मोडल्याचं चिन्ह दिसतं.

अक्षराचा आकार १८ पिक्सेल आणि ओळींची उंची आकाराच्या १.६ ते १.८ पट ठेवा. इंग्रजी थीममध्ये ही उंची १.४ किंवा १.५ असते. मराठीत वर रफार-मात्रा आणि खाली उकार येतात, त्यामुळं तेवढ्यात ओळी एकमेकींना चिकटतात. अक्षरांमधलं अंतर, म्हणजे लेटर-स्पेसिंग, शून्यच ठेवा. थीमच्या शीर्षकाला ते एखाद पिक्सेल वाढवलेलं असतं आणि त्यानं शिरोरेषा जागोजागी तुटते. शीर्षक तुटक दिसत असेल तर नव्वद टक्के वेळा कारण हेच. मोबाइलवर मजकूर दोन्ही बाजूंनी समान करू नका, लांब मराठी शब्दांमुळं मधे मोठ्या फटी पडतात.

दुसरी मोठी अडचण जुन्या मजकुराची. शाहूपुरीत नाहीतर लक्ष्मीपुरीत डीटीपी करून घेतलेली पत्रकं, दिवाळी अंक, स्मरणिका बहुतेक श्रीलिपीच्या किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये असतात. ती फाइल कॉपी करून साइटवर टाकली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो, कारण तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना समजणाऱ्या अक्षर-पद्धतीत, नसतो. त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर वापरून आधी युनिकोड करा आणि मग तीन ठिकाणं हातानं तपासा: पहिली वेलांटी योग्य अक्षराच्या आधी आली आहे का, रफार शेजारच्या अक्षरावर तर गेला नाही ना, आणि 'दऱ्या', 'पुऱ्या' यांसारख्या शब्दांतला अर्धा र टिकला आहे का. पन्हाळ्याच्या दऱ्यांवर लेख असेल आणि त्याचा 'दर्या' झाला तर किल्ल्याच्या पायथ्याला समुद्र येईल.

'ॲ' दोन पद्धतींनी टाइप होतो: एक पूर्ण अक्षर म्हणून, आणि दुसरा अ ला वर चंद्र देऊन. दिसायला सारखेच, पण साइटवरच्या शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. साइटवर एकच पद्धत ठेवा आणि जुन्या मजकुरात एकदा शोधून बदलून घ्या.

आणि पानाचा पत्ता. वर्डप्रेस मराठी शीर्षकावरून मराठीतच पत्ता बनवतं. एक देवनागरी अक्षरचिन्ह पत्त्यात गेलं की त्याची टक्केचिन्हांसकट ९ रोमन अक्षरं होतात, आणि वर्डप्रेस पत्त्यासाठी २०० अक्षरांचीच जागा ठेवतं. म्हणजे काना-मात्रा धरून साधारण २२ चिन्हांनंतर पत्ता कापला जातो. वर तो व्हॉट्सॲपवर टाकला की ओळीच्या ओळी टक्केचिन्हं दिसतात आणि माणूस फसवणुकीची लिंक समजून उघडत नाही. प्रकाशित करण्याआधी पत्ता रोमन लिपीत तीन-चार शब्दांत हातानं लिहा, आणि नंतर कधीही बदलू नका. बदललाच तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ रिडायरेक्ट लावा.

काय लिहायचं

'आमच्याकडे सर्व प्रकारच्या कोल्हापुरी चपला मिळतील' हे वाक्य पाहिजे तर फ्लेक्सवर लावा. साइटवर गिऱ्हाईक जो प्रश्न दुकानात येऊन विचारतं त्याचं उत्तर लिहा. एका प्रश्नाला एक पान. उदाहरणार्थ 'कोल्हापुरी पावसात भिजली तर काय करायचं'. उत्तर: झाडपाल्यानं, म्हणजे बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं पाणी पितं, फुगतं आणि ओलं राहिलं तर बुरशी धरतं, कोरड्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवावं, उन्हात किंवा हिटरसमोर ठेवलं तर कडक होऊन तडकतं, पूर्ण वाळल्यावर थोडं तेल लावावं. असं पान पाच वर्षं वाचलं जातं. 'आज स्टॉक आला' ही पोस्ट दोन दिवसांत संपते. तिची जागा इन्स्टाग्रामवर.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात. अशी माहिती देताना ती बरोबर आणि पूर्ण द्या. 'फक्त कोल्हापूरचीच' असं ठोकून दिलं की जाणकार वाचक पुढच्या ओळीवरही विश्वास ठेवत नाही.

पत्ता, फोन, वेळ, साप्ताहिक सुट्टी ही माहिती मजकूर म्हणून लिहा, बॅनरच्या चित्रात नाही. चित्रातला नंबर दाबून फोन लागत नाही आणि शोधातही सापडत नाही. फोटो मोबाइलमधून चार-पाच एमबीचा निघतो. तो १६०० पिक्सेल रुंदीला आणून २०० केबीच्या आसपास ठेवा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आधीच दाबलेला असतो, म्हणून मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. घरी घेतलेले फोटो टाकताना त्यातलं लोकेशन काढून टाका.

प्रत्येक पानावर तारीख टाका, आणि माहिती बदलणारी असेल तर वेळही. कोल्हापूरकराला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. दर पावसाळ्यात 'राधानगरीचे दरवाजे उघडले' हा मेसेज तारखेशिवाय फिरतो, आणि मागच्या वर्षीचा फोटो बघून लोक सामान वरच्या मजल्यावर न्यायला लागतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या काळात पातळीचा आकडा ज्याला द्यायचा आहे त्यानं आकडा चित्रात भरून पाठवू नये. एकच कायमचं पान ठेवावं, त्यावर सगळ्यात वर 'शेवटची नोंद' म्हणून तारीख आणि वेळ, शेजारी आकडा कुठून घेतला ते, आणि ग्रुपवर फक्त त्या पानाची लिंक. लिंक कितीही जुनी फिरली तरी उघडणाऱ्याला नोंद केव्हाची आहे ते दिसतं. चित्राला ती सोय नाही.

वाटप

लेख आधी साइटवर प्रकाशित करा, लिंक तयार झाल्यावरच इतर ठिकाणी जा. व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की शीर्षक आणि चित्राचा चौकोन आला पाहिजे. तो येण्यासाठी पानात ओपन ग्राफचे टॅग लागतात. वर्डप्रेसमध्ये एसईओ प्लगइन ते टाकतं. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेल, ३०० केबीच्या आत. त्याहून जड असेल तर पुष्कळदा चित्र येतच नाही. चित्राचा पत्ता 'एचटीटीपीएस'पासून पूर्ण हवा. चित्र बदलूनही जुनंच दिसत असेल तर ते साठवून ठेवलेलं असतं. फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये लिंक टाकून पुन्हा वाचायला लावा.

फेसबुकवर नुसती लिंक टाकू नका. लेखातला एक पूर्ण परिच्छेद द्या, तिथल्या तिथं वाचूनही काही मिळेल असा, आणि खाली लिंक. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, म्हणून ती बायोमध्ये.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ जणांची असते आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. अर्ध्या लोकांना मेसेज जात नाही अशी तक्रार असते तिचं कारण हेच. चॅनेलला अशी मर्यादा नाही, पण फॉलोअरचे नंबर तुम्हाला मिळत नाहीत. उद्या चॅनेल गेलं तर ती माणसंही गेली. म्हणून जोडीला ईमेलची यादी सुरू करा, शंभर जणांची असली तरी. ईमेल स्पॅममध्ये जाऊ नये म्हणून डोमेनच्या डीएनएसमध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी लागतात. ईमेल पाठवणारी सेवा त्या तयार करून देते, तुम्ही फक्त रजिस्ट्रारकडं चिकटवायच्या. प्रत्येक ईमेलखाली यादीतून बाहेर पडायची लिंक ठेवा. आरएसएस फीड, म्हणजे नवे लेख वाचकाच्या ॲपपर्यंत पोचवणारी यादी, वर्डप्रेसमध्ये आपोआप असते. सेटिंग्जमध्ये सारांशाऐवजी पूर्ण मजकूर निवडा.

नवं ॲप आलं तर

दर वर्षी एखादं नवं नेटवर्क येतं आणि ओळखीतलं कुणीतरी निमंत्रण पाठवतं. खातं जरूर काढा, निदान नाव आपल्याकडं राहील. वेळ किती घालायचा ते ठरवण्याआधी चार गोष्टी बघा. लॉगिन न करता पोस्ट उघडते का? सगळं लिखाण एका फाइलमध्ये डाउनलोड करता येतं का? फॉलोअर सोबत नेता येतात का? आणि कंपनीला पैसे कोण देतं? मास्टोडॉन हे सोशल नेटवर्क ज्या ॲक्टिव्हिटीपब मानकावर चालतं, त्यात एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना फॉलोअर नेता येतात. जुन्या पोस्ट मात्र मागंच राहतात. बाकी बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच आहे.

फेसबुकवर आधीच साचलेलं लिखाण सोडवायचं असेल तर सेटिंग्जमधून तुमची माहिती डाउनलोड करण्याचा पर्याय निवडा. वाचण्यासाठी एचटीएमएल स्वरूप घ्या. डेव्हलपर जेसॉन, म्हणजे प्रोग्रामला वाचायचं, स्वरूप मागेल, तर त्याला आधीच सांगा की त्यातलं मराठी चुकीच्या एन्कोडिंगमुळं चिन्हांची रांग होऊन येतं. मजकूर लॅटिन-१ मध्ये बाइट करून यूटीएफ-८ म्हणून पुन्हा वाचला की अक्षरं जशीच्या तशी परत येतात. मग सगळं साइटवर ओतू नका. जे आजही कुणाच्या उपयोगाचं आहे तेवढंच, मूळ तारखेसह.

कोल्हापुरातच असं सोशल नेटवर्क काढायचा विचार करणाऱ्या मुलांसाठी एवढंच: पहिल्या दिवशी एकटाच माणूस आला तरी त्याला उपयोग होईल अशी वस्तू आधी बनवा. दुसरी माणसं येईपर्यंत रिकामं दिसणारं ॲप दुसरी माणसं येऊच देत नाही. लोकांनी लिहिलेलं दाखवायला लागलात की २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव-संपर्क जाहीर करावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. एका रात्रीत शंभर आक्षेपार्ह पोस्ट आल्या तर त्या कोण बघणार, हे सर्व्हर घेण्याआधी ठरवा. आणि डाउनलोडचं बटण पहिल्याच आवृत्तीत द्या.

बॅकअप

वर्डप्रेसच्या 'एक्स्पोर्ट'मधून जी एक्सएमएल फाइल मिळते तिच्यात फोटो नसतात, फोटोंचे पत्ते असतात. जुनं होस्टिंग बंद झाल्यावर ती फाइल नव्या ठिकाणी चढवली तर लेख येतात आणि चित्रांच्या जागी रिकामे चौकोन. खरा बॅकअप म्हणजे डेटाबेसची एसक्यूएल फाइल आणि 'डब्ल्यूपी-कंटेंट' हा पूर्ण फोल्डर. महिन्यातून एकदा दोन्ही उतरवा. एक प्रत ड्राइव्हवर, एक हार्ड डिस्कवर. हार्ड डिस्क तळमजल्यावरच्या टेबलाच्या खणात नको, वर ठेवा; २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी शाहूपुरीत शिरलं होतं. सहा महिन्यांतून एकदा तो बॅकअप कॉम्प्युटरवर लोकल वर्डप्रेसमध्ये चढवून बघा, आणि उघडल्यावर पहिल्या पानावर थांबू नका. सगळ्यात जुना लेख काढा, त्यातले फोटो दिसतात का आणि जोडाक्षरं शाबूत आहेत का ते पाहा.